टेपाची राखण

"अहो, नारळ धरू, हार धरू का तुमचा टेप धरू? हात दोनच दिलेत मला," अनिता एकवीरेच्या पायऱ्यांवर मध्येच थांबून म्हणाली, तेव्हा मागून चढणारी माणसं हसली. निवृत्ती हसला नाही. त्यानं नारळ आणि हार आपल्याकडे घेतले आणि टेपाची कापडी पिशवी तिच्याकडेच राहू दिली. देवीपुढे पुरुषाच्या हातात नारळ शोभतो, आणि पिशवी बाईच्या काखेत असली की चोराला ती भाजीची वाटते, असं त्याचं म्हणणं होतं. अनितानं गाभाऱ्यात हात जोडले ते पिशवी पोटाशी धरूनच. देवीकडे तिनं काय मागितलं ते तिनं कधी सांगितलं नाही, पण त्याचा अंदाज करणं फारसं अवघड नाही.

टेप म्हणजे गाडीतला टेप. दुकानदार त्याला स्टिरिओ म्हणतात. त्यात आता कॅसेट वगैरे काही नसतं, पाटीएवढी एक काच असते. बोट फिरवलं की गाणं लागतं, नकाशा दिसतो, गाडी मागे घेताना मागचं कुत्रंसुद्धा दिसतं. पण टाकव्यात अजून त्याला टेपच म्हणतात, आणि अनिता टाकव्याची. निवृत्ती आंबीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता, आणि तळेगाव स्टेशनजवळच्या सोसायटीत दोघं राहायची. कारखान्यातला साधा वायसरसुद्धा गेटपासशिवाय त्याच्या हातून सुटत नसे, आणि या गोष्टीचा त्याला स्वतःच्या लग्नापेक्षा जास्त अभिमान होता. गाडीसुद्धा त्यानं हौसेनं घेतली नव्हती. कारखान्यातल्या साहेबांनी विकायला काढली म्हणून घेतली. टेप मात्र त्यानं लोणावळ्याच्या एका दुकानाच्या काचेतून बघितला आणि का कोण जाणे, तो हरखला. आयुष्यात केलेली ती एवढी एकच हौस.

आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस फार छान गेले. दोघं नुसती गाणी ऐकायला म्हणून गाडी काढायची, सोमाटण्यापर्यंत जायची, रसवंतीवर थांबायची आणि परत यायची. अनिता गाण्याबरोबर गुणगुणायची. निवृत्ती तिला लहानपणच्या गोष्टी सांगायचा, ज्या तिनं तोवर कधी ऐकल्याच नव्हत्या. या माणसाला बोलता येतं हे तिला तेव्हा कळलं.

मग समोरच्या बिल्डिंगमधल्या गौरवच्या गाडीची काच फुटली आणि त्याचा टेप गेला. गौरवनं शिव्या दिल्या, तक्रार केली, विम्याचे पैसे घेतले आणि विसरून गेला. विसरला नाही तो निवृत्ती. त्या दिवसापासून त्याला गाडीतून गाणं ऐकू येईना, चोराची पावलंच ऐकू यायला लागली.

आधी त्यानं मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत पाटी चिकटवली, 'या गाडीत टेप नाही.' दुसऱ्याच दिवशी काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटानं लिहून ठेवलं, 'मग काय आहे?' यावर त्यानं सुट्टी घेऊन विचार केला. मग तो लोणावळ्याला सुरजकडे गेला. टेप यानंच बसवला होता. निवृत्तीनं त्याच्याकडून टेपाला अशी पट्टी लावून घेतली की एक क्लिप दाबली, मागचा प्लग ओढला की आख्खा टेप हातात यावा. सुरजनं बजावलं होतं, "साहेब, दर वेळी प्लग काढाल तर हा सगळं विसरणार. परत नवाच होणार." निवृत्तीला त्यात काही गैर वाटलं नाही. नवा होतोय तर चांगलंच आहे की.

तेव्हापासून गाडी थांबली की टेप बाहेर. बँकेत टेप, दवाखान्यात टेप, लग्नात पंगतीला टेप. गाडी सुरू केली की टेप पुन्हा जोडायचा, मग तो आधी भाषा विचारणार, मग देश, मग तारीख, आणि तिथून गाणं लावेपर्यंत जिथं जायचं ते ठिकाण आलेलं असायचं. की पुन्हा बाहेर. सोमाटण्याची रसवंती सुटली, कारण तिथं खाली उतरावं लागायचं. अनिता मांडीवर पिशवी घेऊन बसायची आणि निवृत्ती आरशात बघत गाडी चालवायचा. बोलणं झालंच तर ते पिशवीबद्दल व्हायचं. नीट धर. उन्हात ठेवू नकोस. त्यावर पाणी सांडशील.

इथवर हसून सोडून देता आलं असतं. पण मग रतनबाई वारल्या.

रतनबाई म्हणजे अनिताची आई. तिचा निवृत्तीवर जीव होता. का होता ते तिलाच माहीत. दहावा टाकव्याला नदीकाठी होता. पाहुण्यांच्या गाड्या वर रस्त्याच्या कडेला लांबपर्यंत लागल्या होत्या. निवृत्तीपुढे पेच पडला. दहाव्याच्या ठिकाणी टेप घेऊन जाणं बरं दिसत नाही, आणि अनोळखी गर्दीत गाडीत टेप ठेवणं शहाणपणाचं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यातून त्यानं मार्ग काढला तो असा, की आपण गाडीतच बसायचं. रस्त्यावरून नदी दिसत होती. लांबूनही हात जोडता येतात.

खाली पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, पण एक खाली येईल तर शपथ. अनिताचा भाऊ सोपान मुंडण केलेल्या डोक्यानं, ओल्या धोतरात पिंडापुढे उभा होता. त्यानं हात जोडून सांगितलं, "आये, माज्या सार्थकचं लगीन वर्साच्या आत करतो." कावळा हलला नाही. "अनिताला अंतर देणार न्हाई." तरी नाही. ऊन वाढत चाललं. म्हाताऱ्या माणसांनी आठवून आठवून म्हातारीच्या राहिलेल्या इच्छा काढल्या, सगळ्यांची वचनं देऊन झाली. शेवटी कुणीतरी विचारलं, जावई कुटं हायत?

सोपान तसाच ओलेत्यानं वर रस्त्यावर आला. निवृत्तीनं काच थोडी खाली केली आणि आपण इथूनच नमस्कार करतोय असं सांगितलं. सोपान नुसता दार धरून उभा राहिला. मग मात्र निवृत्तीला उतरावं लागलं, आणि उतरताना त्याच्या हातांनी आपोआप क्लिप दाबली, प्लग ओढला, टेप पिशवीत टाकला. असा तो पिशवी घेऊन पिंडापुढे येऊन उभा राहिला, आणि त्याच क्षणी एक कावळा झाडावरून सरळ खाली आला आणि शिवला.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हातारीचा जीव टेपात अडाकला व्हता." दहाव्याला हसू नये, त्यामुळे लोकांनी ते हसू दाबलं, आणि दाबलेलं हसू किती वेळ पुरतं ते अशा ठिकाणी अडकलेल्या माणसांनाच माहीत. खांदे हलत होते. उपरणी तोंडावर गेली होती. सोपान हसला नाही, आणि अनितानं वर बघितलं नाही. तिची आई गेली होती, आणि आईच्या पिंडापुढे गाव हसत होतं, तेही तिच्या नवऱ्याला.

सोपाननं त्यानंतर तळेगावात पाऊल टाकलं नाही. दिवाळीत भाऊबीजेची साडी त्यानं भाजीच्या टेम्पोबरोबर पाठवून दिली. टेम्पोवाल्यानं ती वॉचमनकडे दिली, वॉचमननं संध्याकाळी वर आणून दिली. अनिता साडी मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली. आई गेल्यावर माहेर म्हणजे भाऊच, आणि तो असा वॉचमनच्या हातून यायला लागला. निवृत्ती म्हणाला, साडी चांगली आहे की.

सार्थकचं लग्न खरोखरच वर्षाच्या आत ठरलं. पत्रिका आली तीही भावकीतल्या कुणाच्या तरी हाती. निवृत्तीचं मत पडलं की बोलवायला घरचं कुणी आलं नाही तर जाऊच नये. अनिता म्हणाली, "मी आत्या आहे. मी जाणार." तिच्या आवाजात असं काही होतं, की निवृत्तीनं तो विषय तिथंच सोडला.

आता आत्याचा आहेर. हळदीच्या मांडवात आत्याच्या आहेराला मान असतो, निवेदक माइकवरून नाव घेऊन सांगतो, आणि आत्यानं काय आणलं ते गाव वर्षभर विसरत नाही. अनिताच्या मनात अंगठी होती. निवृत्तीनं अंगठीचं बारशाला बघू म्हणून सांगितलं आणि कपाटावरून कारखान्यानं दिवाळीला दिलेला कपबश्यांचा सेट खाली काढला. सेट उत्तम होता, कोरा होता, आणि फुकट होता. अनितानं त्या कपबश्यांकडे बघितलं आणि आत निघून गेली.

लग्नाला जायचं म्हणजे टेपाचा प्रश्न आलाच. कापडी पिशवी आता टाकव्यात ओळखीची झाली होती. ती घेऊन मांडवात शिरला असता तर गावानं काय म्हटलं असतं, हे निवृत्तीलाही कळत होतं. पण त्याचं डोकं अशा वेळी फार छान चालायचं. त्यानं स्टोअरमधून एका मापाची दोन खोकी आणली. एकात कपबश्या भरल्या, दुसऱ्यात टेप. दोन्हीवर एकच चकचकीत कागद. लग्नात हातात आहेराचं खोकं असलेल्या माणसाकडे कोण बघतंय? आणि आहेर कोण चोरणार? कागद आणि रिबिनी लावायचं काम अनितानं आपल्याकडे घेतलं. टेपाला लाल रिबीन, कपबश्यांना निळी, असं त्यानं तिला दोनदा सांगितलं. तिनंही दोनदा हो म्हटलं.

हळद सकाळी होती आणि लग्न संध्याकाळी. मांडवात निवेदकाचा आवाज वेशीपर्यंत जात होता. आलेल्या प्रत्येक माजी आणि भावी पुढाऱ्याचा फेटा बांधून सन्मान चालला होता. सोपाननं दाजींना बघून लांबूनच मान हलवली. निवृत्ती मागच्या रांगेत खुर्चीवर बसला, मांडीवर लाल रिबिनीचं खोकं, दोन्ही हात त्याच्याभोवती. नाश्त्याला बोलावलं तर गेला नाही. शेजारच्यानं खोकं खाली ठेवा म्हटलं तर ऐकलं नाही. पुढारी संपेपर्यंत त्याच्या मांडीला मुंग्या आल्या, पण त्यानं खोकं हलू दिलं नाही. यापूर्वी टेपाची इतकी चोख राखण त्यानं कधी केली नव्हती.

"नवरदेवाच्या आत्या, तळेगावहून आलेल्या," निवेदक म्हणाला, आणि अनिता निळ्या रिबिनीचं खोकं घेऊन पुढे गेली. तिनं ते सार्थकच्या हातात दिलं. निवेदकाला उत्साह फार. आत्यांचा आहेर सगळ्यांना दाखवू या म्हणून त्यानं स्वतःच रिबीन सोडली, कागद टरकावला, आणि टेप डोक्यावर उचलून धरला.

निवृत्तीनं आधी टेपाकडे बघितलं. मग मांडीवरच्या खोक्याकडे. मग त्यानं कागदाचा एक कोपरा फाडून आत बोट घातलं. बोटाला बशी लागली.

तो उठला. त्याला थांबा म्हणायचं होतं, आणि तो म्हणालाही असावा, पण तोवर सोपान गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे यायला लागला होता. सोपाननं त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"दाजी," तो म्हणाला, "मला वाटलं तुमाला माज्या आयीपेक्षा टेप मोटा हाय. आन् त्योच टेप तुमी माज्या पोराला दिला. मी तुमाला वळखलंच न्हाई. मला माफी करा."

निवेदक असा प्रसंग वाया घालवणारा नव्हता. त्यानं टाळ्या मागितल्या, मांडवानं दिल्या. दहाव्याला ज्यांनी उपरणं तोंडावर घेतलं होतं ते आता त्यानं डोळे पुसत होते. निवृत्तीला फेटा बांधला, नारळ दिला, पुढाऱ्यांच्या रांगेत बसवला. मांडवाच्या खांबाला टेकून अनिता उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंनी भावजया तिला धरून होत्या, आणि ती रडत होती, हसत होती, परत रडत होती. निवृत्तीनं तिच्याकडे बघितलं आणि घशाशी आलेलं सगळं गिळून टाकलं. अशा वेळी कोण म्हणणार, की रिबिनीची चूक झाली, ते इकडे द्या आणि या सहा कपबश्या घ्या?

पण हार मानेल तो स्टोअरकीपर कसला. दुपारच्या जेवणानंतर त्यानं सार्थकला बाजूला घेतलं आणि मायेनं समजावलं, की टेपाचं फिटिंग फार नाजूक असतं, गावात कुणाला जमायचं नाही, मी घेऊन जातो आणि लोणावळ्यात सावकाश बघून देतो.

"फिटिंग झालं बी मामा," सार्थक म्हणाला. "समर्थनं माज्या पिकअपला बसवला. त्यो अलगद निघत व्हता, मग आमी पट्टी काढून रिबिट मारले. आता जल्मात हलायचा न्हाई."

समर्थ म्हणजे सार्थकचा मित्र, गावात ट्रॅक्टरची कामं करायचा. निवृत्तीनं डोळे मिटले, मग उघडले. गाडी लॉक तरी करतोस ना, एवढंच त्यानं विचारलं. सार्थक हसला. म्हणाला, लॉक दोन वर्सं झाली बिघडलंय मामा, आन् हितं कोण नेतंय?

संध्याकाळी नवरदेवाची मिरवणूक निघाली ती त्या पिकअपच्या मागे. दोन्ही दारं सताड उघडी टाकली होती आणि टेप गात होता. त्यानं भाषा विचारली नाही, देश विचारला नाही, तारीख विचारली नाही. एक गाणं संपलं की दुसरं. शेंबडी पोरं हळदीच्या बोटांनी काचेवर टिचक्या मारत होती. फेटा बांधलेला निवृत्ती मानकऱ्यांबरोबर चालत होता, आणि आवाज किती स्वच्छ आहे हे त्याला इतक्या दिवसांनी पहिल्यांदा कळत होतं. पुढे अनिता नाचत होती. त्यानं तिला नाचताना कधीच बघितलं नव्हतं. त्याचा जीव तुटत होता, आणि तो टेपासाठी तुटत होता. बायकोकडे बघून बरं वाटायला हवं हे त्याला समजत होतं, पण तसं वाटत नव्हतं, याला तो तरी काय करणार.

अक्षता पडल्यावर सोपाननं त्यांना गाडीपर्यंत सोडलं. अनिताला म्हणाला, येत्या रविवारी येतो, राहायला येतो. दार त्यानं स्वतः लावलं.

गाडी गावाबाहेर पडली. समोर टेपाच्या जागी भोक होतं आणि त्यातून वायर लोंबत होती. निवृत्तीनं फेटा काढून मागे टाकला. मांडवात गिळलेलं सगळं आता वर यायला लागलं होतं. तो म्हणाला, तुला दोनदा सांगितलं होतं. लाल कुठली, निळी कुठली. एवढी साधी गोष्ट. एक रिबीन लक्षात राहत नाही तुझ्या.

"लक्षात होती," अनिता म्हणाली. "मी मुद्दाम केलं."

निवृत्तीनं गाडी एकदम सावकाश केली. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला आणि पुढे निघून गेला.

"म्हणजे चोरीच केलीस तू."

"हो. चोरीच."

तिनं हे सरळ कबूल केलं. भांडायचं तर समोरच्यानं थोडं तरी नाकबूल करावं लागतं. मग त्याचा आवाज खाली आला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं, आपल्याला कुणी वाईट समजतंय याचं.

"मला सांगायचंस ना," तो म्हणाला. "भावाचा एवढा प्रश्न होता तर मी दिला असता."

अनितानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. ती रागानं बघत नव्हती. त्याच्या तोंडून खरंच तसं काही निघतंय का, हे तिला बघायचं होतं.

"दिला असता?"

त्यानं तोंड उघडलं. एक अक्षर म्हणायचं होतं, आणि ते खोटं म्हटलं असतं तरी आज तिनं खरं धरलं असतं. कान्हे फाटा आला. सिग्नलला गाडी थांबली, सुटली. वडगाव मागे पडलं. निवृत्ती रस्त्याकडे बघत होता आणि ते अक्षर जिभेवर येऊन परत जात होतं. तळेगावचे दिवे दिसायला लागेपर्यंत अनितानं वाट बघितली.

"म्हणून तर विचारलं नाही," ती म्हणाली.